वाचकांचे प्रश्न : ब्रेकचं पेडल खोल का जातं?

प्रश्न : माझी हॅचबॅक दहा वर्षांची आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या महिन्यात पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं, तेव्हापासून पेडल मऊ लागतं. गॅरेजवाले म्हणतात मास्टर सिलिंडर गेलाय, नवा टाका. टाकू का? – एक वाचक, कराड

उत्तर : मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर टाकणारा मुख्य पंप. तो तपासल्याशिवाय टाकू नका. ‘पेडल मऊ’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड येतात आणि ते पायालाच वेगवेगळे कळतात. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडलला मदत करणारा डबा) व्हॅक्यूम संपवा. मग नेहमीच्या जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा.

पाय स्थिर असूनही पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं, तर एकतर ऑइल बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरमधलं रबर आतल्या आत दाब सोडतंय. आधी गळती शोधा : चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे सांधे, मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरची (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी उचलून तिच्याखाली, आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे बसतो ती जागा. या शेवटच्या जागेकडे फार कमी जण बघतात. तिथलं सील गेलं तर ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, जमिनीवर थेंबही दिसत नाही आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी मात्र घटते. गळती कुठेच नाही, पातळीही तशीच आहे, तरी पेडल सरकतंय, असं असेल तरच दोष मास्टर सिलिंडरचा. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

पहिल्या दाबाला पेडल खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर व टणक लागलं, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि ड्रम यांत अंतर वाढलेलं असतं. हे अंतर आपोआप जुळवणारा ऑटो-अ‍ॅडजस्टर गंजून अडकला की हेच होतं. ड्रम काढा, अ‍ॅडजस्टर साफ करा आणि चाक हाताने फिरवताना लायनर जेमतेम घासेल इतपत अंतर ठेवा. हे करताना हँडब्रेकची केबल सैल हवी. लायनरला ऑइल लागलेलं दिसलं तर ते धुऊन परत बसवू नका, दोन्ही चाकांचे बदला.

पेडल स्पंजासारखं दबतं, पंप केल्यावर थोडं वर येतं पण लवचिकच राहतं, ही ऑइलमध्ये शिरलेल्या हवेची खूण. तुमचा त्रास ऑइल बदलल्यावर सुरू झाला, म्हणून पहिला संशय हवेवरच. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उतरवले असतील तर त्यांचे निपल, म्हणजे हवा काढायचे छोटे स्क्रू, पाहा. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर उलटसुलट बसला की तो खाली येतो, आणि मग कितीही ऑइल ओतलं तरी वर साठलेली हवा निघत नाही.

हवा काढायला दोन माणसं, बंद डब्यातलं अर्धा ते एक लिटर ऑइल, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि रिंग पाना लागतो (बहुतेक गाड्यांना ८ किंवा १० मिमी). ऑइलचा प्रकार टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं हा क्रम चालतो. मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असेल तर तोच पाळा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाऊण वळसा सैल करायचं, आणि निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून चार-पाच दाबांनंतर पातळी बघत राहा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातच नाही, तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज आणि गाळ धरलेला असतो. रबर त्यावर घासलं की फाटतं. ऑइल बदलताना तुमच्या गाडीत हेच झालं असेल, तर गॅरेजचं निदान खरं ठरेल. अर्ध्या मिनिटाची चाचणी ते सांगेल.

हवा काढूनही स्पंजपणा राहिला तर एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने चाकांजवळचे रबरी होज हाताने चाचपावेत. फुगणारा होज बदलायचा. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ऑइलचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, हवा अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनरने पंप चालवूनच निघते, नळी-बाटलीने नाही.

प्रश्न : आंबोली घाट उतरून आलो की पेडल तळाला जातं. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ऑइल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि दाब चाकापर्यंत पोचत नाही. गार झाल्यावर पेडल परत येतं म्हणून दुर्लक्ष करू नका. सगळं ऑइल बदला, पुढे दर दोन वर्षांनी. उघडून ठेवलेल्या डब्यातलं वापरू नका. शिवाय उतरून आल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहा. एकच चाक फार तापलं असेल तर त्याच्या कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय आणि पॅड सतत घासतोय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, गरज पडली तर पहिल्यात.

प्रश्न : ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जातं. दोष आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. व्हॅक्यूम तयार होऊन बूस्टर मदतीला आला, एवढाच त्याचा अर्थ. पेडल जरासं उतरून तिथेच थांबायला हवं. अजिबात हललं नाही, तर बूस्टर आणि त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासून घ्या.