झेंडूच्या गोळ्या आणि डोळ्याचा पडदा

प्रश्न : वय ५६, अकरा वर्षांपासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९. तपासणीत डॉक्टर म्हणाले, पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत, सहा महिन्यांनी या. मला दिसायला काहीच त्रास नाही. मेहुण्यांनी झेंडूपासून केलेल्या ल्युटिनच्या गोळ्या आणून दिल्यात, शिवाय रात्री हळदीचं दूध घेतो. एवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भागणार नाही. पण मेहुण्यांवर रागावू नका, त्यांच्या बोलण्यात निम्मं तथ्य आहे. ल्युटिन खरोखरच झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात. ते आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं पडद्याच्या मधोमध, पीतबिंदूत साठलेली असतात. शरीराला ती तयार करता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. निळा प्रकाश ती गाळतात.

घोळ पुढे आहे. बाटलीवर १० मिलिग्रॅम ल्युटिन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन लिहिलंय का बघा. हे प्रमाण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातलं, आणि तो अभ्यास होता म्हातारपणी पीतबिंदू झिजण्याच्या आजाराचा. तुमचं दुखणं निराळं. वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या केशवाहिन्या कमकुवत होऊन पाझरतात, काही बुजतात. मग नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो.

मधुमेहींवरही एक लहान चाचणी झाली, २०१५ साली प्रसिद्ध झाली. ६७ जण, सहा महिने. फिके-गडद ओळखण्याची आणि रंग ओळखण्याची क्षमता गोळी घेणाऱ्यांत सुधारली. पण त्या एका गोळीत ल्युटिन, हळद, जस्त, माशाचं तेल, द्राक्षबियांचा अर्क असं बरंच काही कोंबलं होतं. गुण कशाचा आला, कसं सांगणार? आणि नीट दिसणं म्हणजे पाझर थांबणं नव्हे. हळदीबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत चांगलं काम झालंय : मधुमेही उंदरांत मोतीबिंदू उशिरा आला. मोतीबिंदू, पडदा नव्हे. उंदीर, माणूस नव्हे. दूध प्या, पण साखर न घालता.

साखर आवरण्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. १९९३च्या डीसीसीटी अभ्यासात, टाइप १ मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने हा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्येही साखर आणि रक्तदाब, दोन्ही ताब्यात ठेवल्याचा फायदा दिसलाय. गोळ्यांच्या बाटलीवर हे छापत नाहीत! फक्त साखर एकदम खाली आणायची घाई नको, त्याने सुरुवातीला पडदा बिघडू शकतो. औषध बदललं की डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा.

रंगद्रव्यं ताटातून घ्या. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, अंड्याचा पिवळा बलक. ल्युटिन तेलात विरघळतं, म्हणून भाजीला फोडणी हवीच. नुसता पालकाचा रस गाळून पिण्यात फार अर्थ नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असाल, तर पालेभाज्या एकदम वाढवू नका, आधी विचारा. गोळ्या सुरू ठेवायच्या तर डॉक्टरांना दाखवून. धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी केलं असेल, तर बीटा-कॅरोटिन (गाजरातलं नारिंगी रंगद्रव्य) असलेल्या गोळ्या टाळा, त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचं दिसलंय.

त्रास नाही म्हणून सहा महिन्यांची तारीख चुकवू नका. हा आजार बराच पुढे जाईपर्यंत कळत नाही. वेळेत सापडला तर लेझर आणि इंजेक्शनने नजर वाचवता येते. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा मेहुण्यांनाच सोबत न्या आणि स्कूटर त्यांना चालवू द्या.