बॉयलरच्या डीसीएस स्टेशनवर एनीडेस्क टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात तुम्ही इन्स्ट्रुमेंट विभागात आहात, हंगाम तोंडावर आलाय आणि पुण्याचे सर्व्हिस इंजिनिअर म्हणतात, "बॉयलरच्या इंजिनिअरिंग स्टेशनवर एनीडेस्क टाकून पासवर्ड द्या, आम्ही इथूनच बघतो." (डीसीएस म्हणजे बॉयलर चालवणारी संगणकीय नियंत्रण यंत्रणा; तिचा प्रोग्राम जिथून बदलतात तो संगणक म्हणजे इंजिनिअरिंग स्टेशन. एनीडेस्क म्हणजे दुसरीकडे बसून संगणक हाताळायचं सॉफ्टवेअर.)

त्या स्टेशनवर नको. दूरून मदत घ्यायला माझा विरोध नाही. मी याच जिल्ह्यात को-जनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) कंट्रोल रूममध्ये काम करतो. मध्यरात्री टर्बाइन ट्रिप झालं आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असली, की पुण्याहून माणूस येईपर्यंतचा वेळ किती जड जातो हे मला माहीत आहे. पण दाराची कडी आतूनच हवी. जोडणी कधी लावायची, कधी तोडायची, हे शिफ्टमधल्या माणसानंच ठरवायचं.

एनीडेस्क किंवा त्याच जातीचं टीमव्ह्यूअर आपल्याच मशीनवरून बाहेरच्या सर्व्हरकडे जोडणी लावून ठेवतं. त्यामुळे "आमचा फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवतो" हा भरवसा इथे कामाचा नाही. कायमचा पासवर्ड ठेवला, की खुर्चीत कोणी नसतानाही आत येता येतं, आणि तो पासवर्ड तिकडे किती जणांकडे फिरतोय हे आपल्याला कळत नाही. इंजिनिअरिंग स्टेशनवरून तर लॉजिक (बॉयलर चालवणारा प्रोग्राम) बदलून थेट कंट्रोलरमध्ये डाउनलोड करता येतं.

मग कोणी म्हणेल, विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप (आरडीपी) वापरू. ऑपरेटर स्टेशनवर तेही नको. विंडोज १० सारख्या मशीनवर बाहेरून आरडीपीनं लॉगिन झालं, की समोरची स्क्रीन लॉक होते. ऑपरेटरच्या पुढ्यात ड्रम लेव्हलऐवजी (बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीऐवजी) लॉगिनची चौकट! कंट्रोलर लूप चालवत राहतो, हे खरं; पण ओला बगॅस (जळणाचा उसाचा चोथा) आला, प्रेशर पडायला लागलं, तर माणसाला काही दिसत नाही. पूर्ण लोडवर फीड वॉटर थांबलं तर ड्रम रिकामा व्हायला काही मिनिटं पुरतात. व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये निदान दोघांना एकच स्क्रीन दिसते. शिवाय कित्येक स्टेशनं अजून विंडोज ७ वर आहेत, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. मे २०१९ मध्ये आरडीपीत सापडलेली त्रुटी इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीसुद्धा पॅच दिला. तुमच्याकडे तो टाकलाय का, आधी तपासा.

करायचंच तर प्लांट आणि ऑफिस यांच्या नेटवर्कमध्ये, फायरवॉलआड, एक वेगळा जंप सर्व्हर (बाहेरच्यानं आधी जिथे थांबायचं असा मधला संगणक) ठेवा. इंजिनिअरनं व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीनं), स्वतःच्या नावाच्या लॉगिननं आणि ओटीपी टाकून तिथपर्यंत यायचं, पुढे त्याच सर्व्हरवरून. त्या सर्व्हरची नेटवर्क केबल एरवी काढलेली असावी (खरोखरची केबल म्हणतोय मी), आणि शिफ्ट इन्चार्जनं नोंद केल्यावरच लावावी. सुरुवातीला परवानगी फक्त बघण्याची. काही फोर्स (सिग्नलची किंमत हातानं ठरवणं) किंवा डाउनलोड करायचं असेल तर फोन चालू, आधीच्या प्रोग्रामचा बॅकअप घेतलेला, आणि आपला माणूस वॉकीटॉकी घेऊन व्हॉल्व्हजवळ उभा. स्क्रीनवर ५० टक्के दिसतंय म्हणजे जागेवर व्हॉल्व्ह तेवढा उघडलाच असेल असं नाही, आणि पुण्यात बसून ते कळणार नाही.

दूरची जोडणी चुकीच्या हातात गेली तर काय होतं, ते २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीजवितरण कंपन्यांत दिसलं. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउस आपोआप हलायला लागला आणि सबस्टेशनचे ब्रेकर एकेक करून ओपन होत गेले, म्हणजे वीज तुटत गेली. हल्लेखोर चोरलेल्या लॉगिननं व्हीपीएनमधून शिरले होते. त्या व्हीपीएनला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परतली, ती माणसांनी सबस्टेशनवर जाऊन हातानं ब्रेकर लावले म्हणून. तुमच्याकडेही अग्निप्रदीपनानंतरच्या ट्रायलमध्ये फीड पंप आणि डॅम्पर लोकलवरून (जागेवर जाऊन) हाताळायचा सराव प्रत्येक शिफ्टला द्या.

संशयास्पद काही दिसलं तर दाबून ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. स्काडावरचे (उद्योगांच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणांवरचे) हल्ले कळवायच्या घटनांच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत.

हंगामाआधी एवढं उभं राहत नसेल, तर यंदा मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून अलार्म लिस्ट आणि ट्रेंड दाखवा. इंजिनिअरनं सांगायचं, बटण आपल्या माणसानं दाबायचं. आणि एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण होईल तेव्हा जंप सर्व्हरची अट त्यात लेखी घालून घ्या.