डॉक्टरांना खरं सांगायची सोय आधी करून घे

तू लिहिलंयस की पुण्यातल्या मुलींच्या हॉस्टेलवर तू यंदा प्रतिनिधी आहेस, पुढच्या महिन्यात फेअरवेल आहे, मुली कुणाच्या तरी फ्लॅटवर जाऊन पिणार हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ऑफिसने तुझ्या हातात फक्त व्यसनमुक्तीचं पोस्टर दिलंय. 'प्यायच्याच असतील तर निदान जबाबदारीने पिऊ देत, हे कसं समजावू?' हा तुझा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही. २००८ मध्ये मी तुझ्याच जागी होते. धाकट्या बहिणीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतेय.

रिकाम्या पोटी पिऊ नये, पिऊन गाडी चालवू नये, हे तुला माहीत असणारच. मी एकाच चुकीबद्दल लिहिणार आहे.

आमच्या फेअरवेलला माझ्या रूममेटने पैजेवर अर्ध्या तासात जवळजवळ क्वार्टर, म्हणजे १८० मिली दारू, संपवली. त्याआधी कधी थेंबही घेतला नव्हता. गेट दहाला बंद झालं होतं, त्यामुळे आम्ही फ्लॅटवरच अडकलो. तिला उलट्या सुरू झाल्या. आम्ही लिंबूपाणी पाजलं, अंगावर गार पाणी ओतलं, वास जावा म्हणून तोंडात बडीशेप कोंबली. बाराच्या सुमारास रिक्षाने जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "बाहेरचं खाल्लंय, पित्त झालंय."

हे वाक्य मी बोलले. दुसरं कुणी नाही.

त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. त्या औषधाने झोपही येते. पोटात दारू असताना वरून असं औषध गेलं की श्वास मंदावू शकतो, हे मला नंतर मोठ्या हॉस्पिटलात कळलं. दोनच्या पुढे तिचे ओठ निळसर दिसायला लागले आणि दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडायचं की आम्ही मोजत बसलो होतो. ती वाचली. दोन दिवस व्हेंटिलेटर, मग न्यूमोनिया, कारण उलटी फुफ्फुसात गेली होती. परीक्षा बुडाली, वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं.

मी खोटं का बोलले? दारूचा उल्लेख कागदावर आला की तो ऑफिसात जाणार, ऑफिसातून घरी फोन जाणार आणि तिचं शिक्षण थांबणार, एवढंच डोक्यात होतं. आणि झालंही तेच. ऑफिसने हॉस्पिटलचा कागद मागवून घेतला आणि तिला दवाखान्यात नेणाऱ्या आम्हा दोघींना ऐन परीक्षेत दोन दिवसांत खोली रिकामी करायला लावली. पार्टी सोडून गुपचूप निघून गेलेल्या नऊ जणींना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच विंगमध्ये एक मुलगी रात्रभर बाथरूममध्ये पडून होती आणि सकाळपर्यंत कुणीही रेक्टरला उठवलं नाही. ते ऐकलं तेव्हा जितका संताप आला, तितका स्वतःला काढलं तेव्हाही आला नव्हता. इतक्या वर्षांनीही तो उतरलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत सांगते. पोस्टरच्या मागे लागू नकोस. रेक्टरकडून एका ओळीचं पत्र मिळव: 'जी मदतीसाठी फोन करेल आणि जिच्यासाठी करेल, त्या दोघींवर दारूच्या कारणावरून कारवाई होणार नाही.' ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये असा नियम आणला आणि तिथे मदतीसाठीचे फोन वाढले. 'सूट दिली तर जास्त पितील' असं तुला ऐकवतील. मी स्वतः नंतर तीन वर्षं रेक्टर होते, मलाही ऐकवलं. तीन वर्षांत मला रात्री चार फोन आले. चारही वेळा मुलींनी डॉक्टरांना काय आणि किती घेतलं ते खरं सांगितलं.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, तेव्हा पुढचं कुणा जाणकाराकडून तपासून घे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि बाकी दारूला २५, शिवाय परवाना लागतो. म्हणजे तुझ्या बहुतेक मुलींसाठी हे बेकायदाच आहे आणि मी कुणाला प्यायला सांगत नाहीये. पण पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलंय. आमच्या वेळी १०८ची ॲम्ब्युलन्स नव्हती, आता आहे. हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर वाट बघू नका. गाडी येईपर्यंत कुशीवर झोपवा, पाठीवर नाही, आणि एकीने तिथून हलायचं नाही. 'झोपली की उतरेल' हे खोटं आहे. झोपल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच राहते.

एक हिशेब मात्र मुलींना नक्की सांग, कारण 'मी फक्त बिअर घेते' हे मी शंभरदा ऐकलंय. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ३० मिलीचे चार पेग. यकृत तासाला साधारण एका पेगाचा निचरा करतं. लिंबू, कॉफी, गार पाणी यांनी तो वेग वाढत नाही.

आणि गेट. त्या एका रात्री तरी ते उघडं राहू दे, यासाठी भांड. दहाला गेट बंद म्हणून मुली परक्या फ्लॅटवर सकाळपर्यंत अडकतात, याला मी सुरक्षा म्हणत नाही.

पत्राचा मसुदा हवा असेल तर मला खाजगी निरोप पाठव, माझ्याकडचा पाठवते. आणि मेसच्या मावशींना आजच सांगून ठेव, त्या दिवशी जेवण सहालाच तयार हवं. वरण-भात खाऊन बाहेर पडलेल्या मुलींची मला रात्री कमी काळजी वाटायची.