'ग्रे मॅटर'मधला राक्षस खरा समजायचा की दारूच्या व्यसनाचे रूपक?

आपण विचारले आहे की 'क्रीपशो' या भयकथांच्या मालिकेच्या २०१९ सालच्या पहिल्या भागातील 'ग्रे मॅटर' या गोष्टीत रिची नावाच्या बापाचे शरीर खरोखरच बुरशीसारख्या प्राण्यात बदलते असे मानायचे, की तो सगळा प्रकार व्यसनाचे रूपक आहे, आणि तसे असेल तर गोष्ट इतक्या गोष्टी मोघम का ठेवते. (उत्तरात शेवट उघड झाला आहे, त्यामुळे ज्यांना हा भाग पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा.)

माझ्या मते राक्षस खरा आहे. पोलिसप्रमुख कॉनर्स आणि त्याचा सोबती डॉक हे दोघे रिचीच्या घरी जातात तेव्हा जे दिसते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. त्या वेळी रिचीचा मुलगा टिमी तिथे नसतो, तो दुकानात दुकानदारीण डिक्सीजवळ बसलेला असतो. त्यामुळे 'हे सगळे त्या पोराच्या मनातले आहे' हा अर्थ लावणे मला ओढूनताणून केल्यासारखे वाटते. दिग्दर्शक ग्रेग निकोटेरो हे मूळचे राक्षसांचे मुखवटे आणि सोंगे घडवणारे कलावंत आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. असा माणूस राक्षस दाखवतो तेव्हा तो पडद्यावर प्रत्यक्ष असतो.

मात्र या प्रकाराची सुरुवात कशी झाली, हे आपल्याला फक्त टिमीच्या तोंडून कळते. बायको गेल्यावर रिची दारूत बुडाला आणि एके दिवशी बिअरचा एक नासका कॅन प्यायल्यापासून त्याच्यात बदल होऊ लागला, असे तो सांगतो. खरी संदिग्धता मला इथे दिसते. दुःख, रोजचे पिणे, घराची झालेली दैना, हे सगळे त्या कॅनच्या आधीपासूनच चालू होते. तरीही दोष जातो तो एका खराब कॅनला. व्यसनी माणसाच्या घरात असा एखादा 'कॅन' नेहमी सापडतो: कुठे गेलेली नोकरी, कुठे वाईट संगत, कुठे अमुक एका रात्री घेतलेली जास्तीची दारू. त्या एका कारणाकडे बोट दाखवले की आधीच्या सगळ्या महिन्यांबद्दल बोलावे लागत नाही. नाकबूल करणे म्हणजे 'मी पीत नाही' असे खोटे बोलणे, एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. रिची तर पिणे लपवतही नाही, आणि तरी त्या घरात खरे कारण कोणी उच्चारत नाही.

हा भाग ज्यावर बेतला आहे ती भयकथालेखक स्टीफन किंग यांची मूळ कथा १९७३ सालची आहे, आणि तिच्यातला एक तपशील मला मालिकेतल्या कुठल्याही दृश्यापेक्षा अधिक भयानक वाटतो. बापाला उजेड सोसत नाही म्हणून घरात अंधार असतो, त्याला बिअर कोमट लागते, आणि शाळेतून आलेला मुलगा त्याच्यासाठी ती शेगडीवर गरम करतो. डॉक्टरला बोलावण्याची गोष्ट काढताच बाप त्याला धमकावतो. या प्रसंगातला बुरशीचा भाग काढून टाकला तरी उरलेल्यात फारसे काही बदलावे लागत नाही. बापाला सांभाळणारे, त्याची दारू आणून देणारे आणि बाहेर गप्प राहणारे मूल अशा घरांत खरोखरच असते. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ मध्ये उभी राहिली, कारण नाकबुली ही एकट्या पिणाऱ्याची नसते.

म्हणून मी आपल्या प्रश्नाला एक प्रश्न जोडेन: गावाला काय माहीत होते? एक लहान मुलगा पुन्हा पुन्हा बिअर न्यायला दुकानात येतो आणि त्याला ती मिळतेही. वादळाच्या रात्री तो घाबरून रडवेला झाल्यावरच मोठी माणसे हालचाल करतात. त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. कॉनर्स आणि डॉक तर जीव धोक्यात घालून निघतात. पण ते निघतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि 'राक्षस की रूपक' या वादात हा उशीर दुर्लक्षिला जातो.

लेखकाच्या चरित्रावरून अर्थ लावण्याचा मोह इथे होतो. किंग स्वतः अनेक वर्षे व्यसनात होते, आणि दारुड्या बापावरची कादंबरी लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहीत आहोत हे लक्षात आले नव्हते, असे त्यांनी नंतर आत्मपर पुस्तकात नमूद केले आहे. ही माहिती बोलकी असली, तरी तिच्या आधारे 'ग्रे मॅटर'ला कबुलीजबाब ठरवणे मला घाईचे वाटते. कथा त्या माहितीशिवायही पुरेशी बोलते.

आता शेवट. दोघांपैकी एकटा डॉक परत येतो आणि तो प्राणी दुभंगून वाढतो आहे हे कळल्यावर दुपटीचा हिशेब मांडू लागतो. हिशेब सोपा आहे: एकाचे दोन, दोनाचे चार, असे ३३ वेळा झाले की आकडा आठशे कोटींच्या, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्याही, पुढे जातो. काही जण याचा अर्थ 'व्यसन समाजभर पसरते' असा लावतात. मला तो पटत नाही, कारण व्यसन स्पर्शाने लागत नाही आणि गोष्टीतला आधीचा सगळा भाग एका घरापुरता, एका मुलापुरता आहे. जगबुडीचा हा आकडा भयकथेच्या रिवाजाप्रमाणे दिलेला शेवटचा धक्का आहे, असे मी समजतो. रूपकाचे काम त्याआधीच, टिमीचे निवेदन संपते तिथे, पूर्ण झालेले असते.