ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा निरोप समारंभ कसा करावा?

तुम्ही विचारलंय की, २६ वर्षं सरकारी नोकरी केलेले तुमचे डॉक्टर येत्या ३० जूनला निवृत्त होताहेत, तुम्ही ग्रामीण रुग्णालयात नुकतेच रुजू झाला आहात आणि निरोपाचं सगळं तुमच्या गळ्यात पडलंय, तर त्यांना खरंच बरं वाटेल असं काय करावं.

मी आरोग्य खात्यात आस्थापनेचा लिपिक होतो, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळणारा, ३१ वर्षं. डॉक्टरांचे निरोप वीसेक तरी लावले असतील. हे काम नेहमी नवीन माणसाकडेच येतं, कारण जुन्यांना वर्गणी मागायची लाज वाटते.

म्हणून आधी वर्गणीचंच बोलतो. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत (नियम १४) निवृत्तीच्या साध्या, घरगुती स्वरूपाच्या निरोपाला मोकळीक आहे. पण वर्गणीसाठी दबाव आणायचा नाही, आणि वरच्या गटातल्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क आणि ड या खालच्या गटांतल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घ्यायचीच नाही, असंही तिथे लिहून ठेवलंय. तुम्ही राज्य सरकारचे, तरी हे पाळाच. माझ्या पहिल्या यादीत मी कक्षसेवक, मावशी, सगळ्यांच्या नावापुढे २०० लिहिले होते. एका सफाई कामगाराने दुसऱ्या दिवशी उसने आणून दिले. त्या पैशांतून आम्ही डॉक्टरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांच्या घरी आधीच चार होती.

शाल-श्रीफळ द्या, त्याशिवाय कार्यक्रम झाला असं कुणालाच वाटत नाही. घरच्यांना बोलावणार असाल तर वहिनींचा आहेर विसरू नका. याउपर वस्तूंवर खर्च करू नका.

मानपत्र मात्र स्वतः लिहा. फ्लेक्सवाल्याकडे तयार मजकूर असतो, ‘आरोग्यदूत’, ‘रुग्णसेवेचा वसा’, ‘गोरगरिबांचा देवमाणूस’. नाव बदललं की तोच मजकूर ग्रामसेवकालाही चालतो (वसा तेवढा बदलावा लागतो). मीही दहा वर्षं तेच छापून घेत होतो. मग एका डॉक्टरांच्या निवृत्तीच्या वेळी रजेचा हिशेब काढायला सेवापुस्तक (नोकरीभरच्या नोंदींची वही) उघडलं, आणि त्यांचं मानपत्र त्यातच सापडलं.

अर्जित रजा (नोकरीत साठत जाणारी पगारी रजा) दर १ जानेवारीला आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते आणि खातं ३०० दिवसांवर थांबतं. त्यापुढची रजा वेळेत घेतली नाही तर गळून जाते. या डॉक्टरांच्या खात्यावर सलग नऊ वर्षं ३०० चाच आकडा होता. दर सहामाहीला १५ दिवस यायचे आणि तसेच जायचे. मधे एकदाच आठ दिवसांची रजा, कारण ‘मुलीचे लग्न’. लग्न आठव्या दिवशी नव्हतं, चौथ्या दिवशी होतं, आणि सातव्या दिवशी हे सर्पदंशाच्या पेशंटसाठी वॉर्डात हजर, ही आठवण सिस्टरांनी सांगितली. मी तेवढंच लिहिलं, साध्या कागदावर, एकही विशेषण न घालता. ते वाचून झाल्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांच्या मिसेसनी कागद मागून घेतला आणि म्हणाल्या, “म्हणजे रजा शिल्लक होती तर!” सगळे हसले, त्या हसल्या नाहीत.

तर तुमच्या आस्थापनेच्या लिपिकाकडून सेवापुस्तक मागा. तुम्हाला सगळं दाखवता येणार नाही, पण कुठे कुठे काम केलं, केव्हापासून, रजा किती घेतली, एवढं तो सांगेल. उरलेलं प्रसूतिकक्षाच्या सिस्टर सांगतील. त्यांना सगळं आठवतं.

सेवापुस्तकाचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. पेन्शनचे कागद गेलेत का, ते आजच विचारा. निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी ते पेन्शनचे कागद तपासणाऱ्या महालेखापालांकडे जायला हवेत (आमच्या मराठवाड्याचे आणि विदर्भाचे नागपूरला जातात, बाकीच्यांचे मुंबईला). डॉक्टरांचे कागद हमखास अडकतात. सुरुवातीची एक-दोन वर्षं अस्थायी नेमणूक, मग दर काही वर्षांनी नवा तालुका, आणि प्रत्येक ठिकाणच्या सेवा पडताळणीचा (तिथली नोकरी तपासून खरी ठरल्याचा) शेरा पुस्तकात हवा. डॉक्टर स्वतः कधी पुस्तक उघडून बघत नाहीत, आणि आम्ही कारकून ‘बघू’ म्हणतो.

एका साहेबांचा निरोप आम्ही झोकात केला होता. पालखीच्या वेळी वाजतात ते ढोल, दोन आमदारांची भाषणं, जेवण. पुढचे आठ महिने तेच साहेब पिशवीत कागद घेऊन आमच्या ऑफिसच्या बाकावर बसायचे, कारण पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या २२ महिन्यांचा शेरा नव्हता आणि तिथली जुनी रजिस्टरं पावसात भिजून लगदा झाली होती. ज्याने हे वेळेत बघायला हवं होतं तो कारकून मीच. चहा मागवला तर म्हणायचे, “नको, तुमचं काम चालू द्या.”

तुमचे डॉक्टर ३० जूनला निवृत्त होताहेत, म्हणून आणखी एक. वेतनवाढ १ जुलैला पडते, त्यामुळे वर्षभर काम करूनही शेवटची वाढ एका दिवसाने हुकायची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकातल्या वीज कंपनीच्या प्रकरणात ती द्यावी असा निकाल दिलाय. लिपिकाला त्याची आठवण करून द्या. नोशनल वेतनवाढ म्हणतात तिला, म्हणजे पेन्शनच्या हिशेबापुरती धरलेली.

१ जुलैला डॉक्टर दिन असतो. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झालेले डॉक्टर बिधानचंद्र रॉय यांचा जन्म (१८८२) आणि मृत्यू (१९६२) दोन्ही त्याच तारखेचे. तेव्हा ‘दोन्ही कार्यक्रम एकत्र उरकू’ असं कुणीतरी सुचवणारच. ऐकू नका. ३० ला संध्याकाळी चार्ज दिला की दुसऱ्या दिवशी ते तिथे पाहुणे असतात, आणि ज्या टेबलाशी इतकी वर्षं बसले त्याच्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवणं बरं दिसत नाही.

भाषणं कुणाची ठेवायची हेही तुमच्या हातात असेल. बाहेरचे पुढारी एकापेक्षा जास्त नकोत. एका निरोपात डॉक्टरांनीच आधी अट घातली होती की शवविच्छेदनाला (पीएमला) जो माणूस सोबत असायचा त्याला बोलायला लावा. ग्रामीण रुग्णालयात पीएम म्हणजे एक डॉक्टर आणि एक सफाई कामगार, दोघंच. विहिरीतून चार दिवसांनी काढलेलं प्रेत असो की रेल्वेखालचं. तो माणूस स्टेजवर चढला नाही, दारातूनच बोलला. “साहेबांनी कधी नाकाला रुमाल लावून लांबून ‘हे काप, ते काप’ केलं नाही. माझ्याआधी हात घालायचे.” एवढंच बोलून बाहेर गेला. त्याच्यानंतर अधीक्षकांचं भाषण होतं, त्यांनी ते दोन मिनिटांत आवरलं.

पीएमवरून आठवलं. निवृत्त झाले तरी एमएलसीच्या (मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या) केसेस सुटत नाहीत. पाच-सात वर्षांपूर्वीच्या खुनाच्या खटल्यात साक्षीचं समन्स येतं, ते येतं शेवटच्या रुग्णालयाच्या पत्त्यावर, आणि तिथे कुणीतरी ते फायलीत लावून ठेवतं. मग थेट वॉरंट. तुम्हाला खरंच काही भेट द्यायची असेल तर रजिस्टरमधून त्यांनी केलेल्या पीएम आणि जखमी तपासणीच्या नोंदींचे नंबर आणि तारखा एका वहीत उतरवून द्या, त्यासाठी अधीक्षकांची परवानगी आधी घ्या. आणि त्यांचा घरचा पत्ता व मोबाइल नंबर आवक-जावकच्या टेबलाला काचेखाली ठेवा. वहीला खर्च ४० रुपये, वेळ मात्र आठवडाभर जाईल.

जेवण साधं ठेवा, आणि कार्यक्रम ओपीडी संपल्यावरच. खुर्च्या केसपेपरच्या खिडकीसमोर लावू नका, तिथूनच पेशंट आत येतात.