पट्ट्या काढू की राहू देऊ?

प्रश्न : माझ्या स्पीकरमागे चार-चार टर्मिनल आहेत. वरची आणि खालची जोडी पितळी पट्ट्यांनी जोडलेली आहे. पट्ट्या काढून एकाच अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र केबल न्यायच्या, म्हणजे बायवायरिंग करायचं, असं मित्र सुचवतो. अंतर ५ मीटर आहे. केबलचा खर्च दुप्पट होईल. करू का? खोलीचा फोटो सोबत पाठवला आहे.

उत्तर : नका करू. मी करून बसलोय, म्हणून सांगतो. नव्या केबल ओढल्या त्या संध्याकाळी ‘झांजा बघा किती सुट्ट्या ऐकू येतात’ असं मी घरात प्रत्येकाला ऐकवत होतो. पुढे मुलानं मला न सांगता पट्ट्या परत लावल्या. महिनाभर मला पत्ताच नव्हता!

तुमच्या मित्राचं अर्धं म्हणणं खरं आहे. पट्टी काढली की वूफरचा, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या शंकूचा जड प्रवाह ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या शंकूच्या केबलमधून जात नाही, कारण क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकरमधलं हे आवाज वाटून देणारं सर्किट, त्याला अडवतो. पण दोन्ही केबल पलीकडे अ‍ॅम्प्लिफायरच्या एकाच टर्मिनलला मिळतात. मग फरक उरतो तो केबलच्या रोधापुरता. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतलीत, तर जाऊन-येऊन १० मीटर तारेचा रोध भरतो जेमतेम ०.०७ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. आवाजातली घट ०.१ डेसिबलपेक्षाही कमी. निदान माझे कान तरी एवढे तिखट नाहीत.

पट्ट्यांचे स्क्रू मात्र आजच आवळा. पट्टी ढिली असली की ट्वीटर मधूनच गप्प होतो आणि आपण उगाच अ‍ॅम्प्लिफायरला दोष देतो.

हौस म्हणून केलंतच, तर प्लस-मायनस दोनदा तपासा. एका जोडीची उलटापालट झाली, तर वूफर आणि ट्वीटरचे सूर जिथे एकमेकांना मिळतात तिथला आवाज पोकळ होतो. आणि पुढे कधी वूफरला एक, ट्वीटरला दुसरा असे दोन अ‍ॅम्प्लिफायर लावलेत, तर पट्ट्या काढायलाच हव्यात. राहिल्या तर दोन्हींची आउटपुट एकमेकांना भिडतील आणि अ‍ॅम्प्लिफायर जळू शकेल.

बाकी तुमच्या फोटोत उजवा स्पीकर पार कोपऱ्यात गेलाय, वर त्याचा ट्वीटर पडद्याआड. आधी त्याला बाहेर काढा.