मऊ गादीने पाठ जाते म्हणतात. मग आराम आणि आधार दोन्ही देणारी प्लश, म्हणजे वरून मऊसूत, फोमची गादी निवडायची कशी?

तुमच्या प्रश्नात "घरातले सगळे कडकच घे म्हणतात" असं वाक्य आहे. ते वाचलं नसतं तर मी या उत्तराच्या वाटेला गेले नसते. आमच्याकडेही असे एक 'घरातले सगळे' आहेत. माझे थोरले दीर. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. निफाडला द्राक्षबाग, वजन पंच्याण्णवच्या घरात, आणि गादीपासून ग्रहणापर्यंत प्रत्येक विषयावर मत ठरलेलं. माणसाने मुळात जमिनीवर झोपावं, ते जमत नसेल तर कडक गादीवर, आणि मऊ गादी मागणं म्हणजे लाड, हे त्यांचं मत.

तुमचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही उताणे झोपता, पत्नी कुशीवर झोपतात, दोघांपैकी कुणाला पाठीचं मोठं दुखणं नाही असं लिहिलंय. तर वरचा दीड-दोन इंचाचा थर मऊ आणि त्याखालचा चार-पाच इंचाचा थर घट्ट, अशी गादी घ्या. खांदा आणि खुबा वरच्या थरात रुततात, कंबर खालच्या थरावर तोलली जाते. प्लश नाव लावून विकल्या जाणाऱ्या गाद्यांमध्ये अशाही असतात आणि वरपासून तळापर्यंत नुसत्या लिबलिबीतही असतात, म्हणून आत कुठला थर किती इंचाचा आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता अण्णा.

आमच्या सासूबाईंचं वजन ४२ किलो. डाव्या खुब्याला संधिवात, आणि झोपायचं आयुष्यभर कुशीवर. काही महिने निफाडला, काही महिने आमच्याकडे नाशिकला असं त्यांचं चालतं. अण्णांनी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी 'ऑर्थोपेडिक' गादी आणली. आत काय, तर रिबॉन्डेड फोम. फोमच्या कारखान्यात उरलेल्या कातरणीचा चुरा करून, चिकटवून, दाबून जो ठोकळा करतात तो. माल वाईट नसतो. जड, कडक, वर्षानुवर्षं खड्डा न पडणारा, गादीच्या तळाला उत्तम. पण त्या गादीत रिबॉन्डेडच्या वर थेट अर्ध्या इंचाचं क्विल्टिंग, म्हणजे कापडात शिवलेलं पातळ अस्तर, होतं आणि संपलं. आणि ऑर्थोपेडिक हा शब्द गादीवर कंपनी छापते. हाडांच्या डॉक्टरने ती गादी पाहिलेली असते असा त्याचा अर्थ नाही.

पहिल्याच आठवड्यात आईंचा खुबा आणि खांदा दुखायला लागला. रात्रभर कूस बदलत राहायच्या. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "सवय होईल. इतकी वर्षं कापसाच्या गादीवर झोपली ना, म्हणून अंग लाडावलंय." आई त्यांना उलटून बोलणाऱ्यातल्या नाहीत. पुढे मी निफाडला गेले तेव्हा त्यांचं अंथरूण घालायला चादर उचलली, तर त्या हजारोंच्या हिशोबात घेतलेल्या गादीवर घडी केलेल्या जुन्या गोधड्या रचलेल्या. एकीवर एक, नीट, कोपरे जुळवून. म्हणजे कुठल्याही दुकानात न जाता या बाईने आपला मऊ थर आपणच करून घेतला होता. अण्णांना ते दिसलंच नव्हतं, कारण अंथरूण त्यांनी कधी घातलंच नव्हतं.

मी तिथल्या तिथे विषय काढला. अण्णा गादीवर आडवे झाले, म्हणाले, "मला तर काही टोचत नाही." कसं टोचेल? पंच्याण्णव किलोचा माणूस कडक फोमलाही दाबतो, त्याचा खांदा आत जातो, कणा सरळ राहतो. बेचाळीस किलोची बाई त्याच फोमवर पडली तर फोम हलतही नाही. सगळा भार खांद्याच्या आणि खुब्याच्या दोन टोकांवर येतो आणि कंबर मध्ये अधांतरी लोंबते. एकच गादी एकाला मध्यम आणि दुसऱ्याला दगड असते. हे कळायला बागायतदार असायला हवं असं नाही, पण बागायतदाराला तरी कळायला हवं होतं.

माझी मुलगी तेव्हा फिजिओथेरपी शिकत होती. तिने 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली छापून आलेला एक अभ्यास काढून दाखवला. स्पेनमध्ये कंबरेचं जुनाट दुखणं असलेल्या ३१३ लोकांना कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवून, काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनी बघितलं तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि त्यामुळे येणारी अडचण जास्त कमी झाली होती. लक्षात घ्या, मध्यम कडक; लुसलुशीत नव्हे. त्यामुळे हा अभ्यास माझ्या बाजूने पूर्ण उभा राहत नाही, पण 'जितकं कडक तितकं पाठीला चांगलं' याच्या विरुद्ध नक्कीच उभा राहतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्पेनची माणसं वेगळी."

मग आम्ही आईंना घेऊन नाशिकच्या दुकानात गेलो. अण्णाही आले, कारण पैसे ते देणार होते. तिथे त्यांनी जे केलं ते नव्वद टक्के गिऱ्हाइकं करतात, म्हणून सांगते. प्रत्येक गादीत मूठ दाबायची, काठावर बसून दोन उड्या मारायच्या आणि निकाल द्यायचा. मुठीने कळतो तो फक्त वरचा थर, आणि काठावर बसून कळतो तो काठ. झोपताना भार पसरतो, तेव्हा गादी वेगळीच वागते. झोपूनच बघावं लागतं, चप्पल काढून, ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर, आणि दहा-पंधरा मिनिटं तरी.

पण नऊवारीतली आमची सासू परक्या सेल्समनसमोर आडवी होईल? "शोभतं का हे, मुली," म्हणून त्या गादीच्या कडेला अंग चोरून बसून राहिल्या. शेवटी मी त्या मुलाला म्हटलं, बाळा, तू जरा चहा पिऊन ये. यांना आणि अण्णांना दाराशी उभं केलं, पाठमोरं. तेव्हा कुठे आई आडव्या झाल्या. उताणं झोपवून त्यांच्या कंबरेखाली मी हात घालून बघितला. हात आरपार मोकळा जात असेल तर गादी त्या माणसाला कडक. घुसवताच येत नसेल तर जास्त मऊ. थोडं अडून जात असेल तर बरोबर. मग कुशीवर, आणि मागून मानेपासून माकडहाडापर्यंत कणा एका रेषेत आहे का ते बघितलं. एका गादीवर त्यांचा बोलण्याचा आवाजच बदलला. त्या म्हणाल्या, "ही राहू दे." बस. एवढीच परीक्षा. तुमच्या पत्नी संकोचत असतील तर सेल्समनला असाच कटवा.

सेल्समनने आधी आम्हाला मेमरी फोमकडे वळवलं होतं. त्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही सांगते. हा फोम १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांसाठी काढला, म्हणून दुकानदार 'अंतराळातला फोम' म्हणून खपवतात. अंगाचा आकार घेतो, हळूहळू दबतो, हळूहळू उठतो, खांद्या-खुब्यावरचा दाब खरंच कमी करतो. पण तो तापमानावर चालतो. थंडीत ताठ होतो, उष्णतेत ढिला पडतो. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहाच्याही खाली उतरतो; तिथे थंडगार गादीवर आडवं झालं की अंगाची ऊब लागून ती नरम होईपर्यंत पुन्हा कडकच. मे महिन्यात उलट, माणूस रुततो आणि पाठ घामाघूम. शिवाय रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस बदलायला जोर लावावा लागतो, हे तरुण सेल्समनच्या लक्षात येत नाही. आम्ही घेतली ती तळाला घट्ट फोम आणि वर दोन इंच मऊ एचआर फोमची. एचआर म्हणजे दाबलं की लगेच उसळी मारणारा. कूस बदलताना तो मदत करतो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, आणखी चांगला, पण खिसा बघून.

डेन्सिटीबद्दल लोक फार गोंधळतात. दुकानदार सांगतो, "ही चाळीस डेन्सिटी आहे, म्हणजे कडक." चूक. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल आहे तो आकडा. तिच्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडक की मऊ हे कळत नाही. ४० चा फोम मऊ असू शकतो आणि २३ चा कडक. मऊ गादी घेणाऱ्याने तर डेन्सिटीवर जास्त जोर द्यावा, कारण हलका मऊ फोमच वर्षा-दोन वर्षांत बसतो आणि मग सगळे म्हणतात, बघा, मऊ गादीने पाठ गेली. पाठ हलक्या फोमने गेली. ३२ च्या खाली जाऊ नका, मऊ थराला ४० मिळाला तर उत्तम. खात्री करायची तर वजन करा: ७२ बाय ७२ इंचाचा सहा इंची नुसता फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण १६ किलो भरतो, ४० चा असेल तर २० च्या पुढे. खोळीचं वजन वेगळं. अर्थात काही ठिकाणी फोममध्ये खडूची भुकटी मिसळून वजन फुगवतात, म्हणून वजन कमी भरलं तर नक्की फसवणूक, बरोबर भरलं तर नक्की प्रामाणिकपणा असं नाही. थरांचे आकडे बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान.

पलंग आधी मोजा. सुताराने केलेले पलंग साडेचौऱ्याहत्तर, सव्वाएकाहत्तर असे कुठल्याही मापाचे असतात. आणि उंची! प्लश म्हटलं की दहा-बारा इंची गाद्या दाखवतात. बॉक्सचा पलंग आधीच उंच, त्यावर बारा इंच, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळतात आणि रात्री उठताना पडायची भीती. आम्ही सहा इंचावर थांबलो ते याचसाठी. बॉक्सच्या पलंगाला हवा लागावी म्हणून प्लायला भोकं पाडून घ्या, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर नक्कीच. नाहीतर पावसाळ्यात खालून बुरशी धरते.

फोमच्या गादीला ऊन देऊ नका. कापसाच्या गादीची सवय असल्यामुळे माझ्या जाऊबाईंनी आधीची एक फोमची उशी गच्चीवर वाळत घातली होती. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुसा होतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. नव्या गादीचा वासही तसाच दोन-चार दिवसांत जातो. आणि उशी बदलावी लागेल हे धरून चाला: मऊ गादीत खांदा आत गेला की जुनी उंच उशी मान वाकडी करते.

वॉरंटीच्या वर्षांवर भाळू नका. खड्डा अमुक खोलीपेक्षा जास्त पडला तरच, अशी अट बारीक अक्षरात असते, आणि 'आता मऊ वाटत नाही' ही तक्रार त्यात बसत नाही. ऑनलाइन घेणार असाल तर शंभर रात्री वापरून परत देता येणाऱ्या गाद्या आहेत, त्या बघा. फक्त परत न्यायला तुमच्या गावात येतात का ते आधी विचारा.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहिते: पालथं झोपायची सवय असेल तर मऊ गादी घेऊ नका, कंबर खाली जाते. तुमचं वजन नव्वदच्या वर असेल तर वरचा मऊ थर दीड इंचाच्या वर नको. वर्षाच्या आतलं बाळ तुमच्याजवळ झोपणार असेल तर त्याला या गादीवर अजिबात झोपवू नका. तान्ह्या बाळाला सपाट आणि कडक अंथरूणच लागतं, मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडू शकतो. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर यातलं काहीच लागू नाही, हवेची गादी लागते आणि ती डॉक्टरांना विचारून. पायात मुंग्या, बधिरपणा असेल तर गादीच्या दुकानाआधी दवाखाना.

राहिले अण्णा. नवी गादी आल्यावर गोधड्या कपाटात गेल्या, आई रात्री सलग झोपायला लागल्या, हे घरात सगळ्यांनी बघितलं. अण्णांचं म्हणणं अजून असं की गुण महानारायण तेलाचा आहे. तेल आम्ही त्या कडक गादीवरही रोज चोळतच होतो.